बैठक तीच, ग्लास बदलले

रिकाम्या बाटल्यांचं एक बरं असतं. भंगारवाला येतो, पोतं भरतो आणि घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते साठत राहतात, आणि चार माणसं निवांत बसली की आपोआप बाहेर यायला लागतात. आमच्या चौघांचे तर इतके साठलेत, की आता पिणं कमी आणि सांगणं जास्त झालंय.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. माझं बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान. विष्णू वडगावचा, त्याचे पॉवरलूम. मारुती बेळगुंदीचा, शाळेत मास्तर झाला, म्हणून आम्ही त्याला मास्तरच म्हणतो. चौथा बाहुबली अण्णा, निपाणीजवळच्या बोरगावचा. जैन घराणं, ऊस आणि तंबाखू. बेळगावात कॉलेजला एकत्र होतो तेव्हापासूनची ही संगत. अण्णानं आयुष्यात दारूच्या थेंबाला जीभ लावलेली नाही, आणि आमची एकही बैठक चुकवलेली नाही. आम्ही आपलं घेऊन बसायचो, तो सोडा आणि शेंगदाणे घेऊन बसायचा.

*

त्या वयात प्यायची भीती कमी आणि दिसायची भीती जास्त. बेळगावात बसायचं म्हटलं तर कुणाचा तरी मामा भेटायचाच. म्हणून आमची पहिली बिअर बेळगुंदीला मास्तरच्या शेतात ठरली. रताळी भाजायची, चांदण्यात बसायचं, असा बेत. बिअर गार कशी करायची, तर तीन बाटल्या पोत्यात घालून दोरानं विहिरीत सोडल्या. दोर बांधायचं काम विष्णूचं. विणकराच्या पोराची गाठ कशाला सुटेल, असं आम्हाला वाटलं. सुटली. त्या दिवशी आम्ही नुसती रताळी खाऊन परत आलो.

आठवड्यानं विहिरीतली मोटर बिघडली, माणूस आत उतरला आणि पोतं वर आलं. मास्तरच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आम्हाला बोलावणं धाडलं. आम्ही माना खाली घालून उभे. आप्पांनी ना शिवी दिली, ना हात उगारला. बाटल्यांकडं बघत शांतपणे म्हणाले, "हिरीला पाणी कमी आलं म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलतं. ऐकलं त्यानं, पर जरा चुकीचं ऐकलं जणू."

आम्ही तीन बाटल्या सोडल्या होत्या. समोर दोनच होत्या. तिसरीबद्दल विचारायची छाती मास्तरला आप्पा असेपर्यंत झाली नाही.

*

पुढं लग्नाची वयं झाली. तेव्हा वाइन शॉपमध्ये जायचं कुणी, हा प्रश्न असायचा. मला गिऱ्हाइकं ओळखायची, मास्तरला पालक. मग अण्णाच जायचा. कपाळाला चंदन, पांढरा शर्ट, बगलेत कागदात गुंडाळलेली बाटली. ह्याच्यावर कुणी संशय घेणार नाही, असा आमचा हिशेब.

नेमकं चिकोडीहून त्याला स्थळ आलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी त्याला दुकानातून बाहेर पडताना बघितलं. जमत आलेलं लग्न तिथंच थांबलं. अण्णाला मुलगी मनापासून आवडली होती. तो दोन दिवस जेवला नाही, पण आमच्यावर एका शब्दानं रागावला नाही. त्याचं आम्हाला जास्त लागलं. शेवटी आम्ही तिघं अण्णाला घेऊन चिकोडीला गेलो आणि सासऱ्यांसमोर कबूल केलं, की पिणारे आम्ही, हा नुसता आणून देतो.

सासरे हुशार. त्यांनी अण्णाला सोडून आम्हा तिघांनाच कन्नडमध्ये विचारलं, "कुडितीरेन्री?" पिता काय, म्हणून. आम्ही तिघांनी हो म्हटलं. मग मराठीत म्हणाले, "तीन पिणारे खरं बोलाय इतक्या लांब आलासा, म्हणजे माणसात कायतरी असंल."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन बाहेर आली. तिनं सरळ अण्णालाच विचारलं, "हे पितात, तुमी पीत न्हाय. मग तुमी तिथं करतासा काय?"

अण्णा म्हणाला, "शेंगदाणे खातो."

लग्न झालं. तीच आमची आक्का.

*

चाळिशीत हातात पैसा आला आणि आम्हाला ब्रँड कळायला लागले. आधी काय मिळतंय ते प्यायचो, आता काय चांगलं ते बोलायला लागलो. गोवा आम्हाला जवळ. एकदा गाडी काढून गेलो आणि येताना नको तेवढ्या बाटल्या डिकीत घातल्या. वर टॉवेल, त्यावर काजूची पाकिटं. गाडी अण्णा चालवत होता, कारण शुद्धीत तोच होता.

चेकपोस्टवर गाडी अडवली. पोलीस अण्णाच्या कपाळाकडं बघून नुसताच जा म्हणून हात हलवणार होता. सहज विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "दारूबिरू न्हाय न्हवं?"

अण्णा म्हणाला, "हाय की. मागं टॉवेलाखाली."

सगळा माल उतरवला, दंड भरला आणि निघालो. घाट संपेपर्यंत आम्ही तिघं अण्णाला बोलत होतो. एक शब्द खोटा बोलला असतास तर काय बिघडलं असतं, असं मास्तरनं विचारलं. अण्णानं ऐकून घेतलं, गाडी बाजूला लावली आणि मागं वळून म्हणाला, "खोटं बोलून व्रत मोडायचंच असतं, तर आधी दारूच नसतो का प्यालो?"



*

आमच्या पिढीनं दारू लपवण्यात जेवढी अक्कल घातली, तेवढी धंद्यात घातली असती तर वेगळं चित्र दिसलं असतं. मी बैठकीहून आलो की आधी बडीशेप, मग वेलदोडा, मग अंगणात पाय धुवायच्या निमित्तानं खळखळून चूळ. बायकोला, मालतीला, काही कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

मुलगी आणि जावई बेंगळुरूला नोकरीला असतात. एका दिवाळीत आले. मी पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर दुधाच्या पातेल्याशेजारी वाइनची बाटली. मी फ्रिज बंद केला. परत उघडून बघितलं. बाटली तिथंच. संध्याकाळी मुलीनं ती टेबलावर आणली, स्वतःला आणि नवऱ्याला ओतून घेतली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला किती?"

जावयासमोर मला घाम फुटला. माझी आई वारल्यावर सोवळं नेसून घरातले विधी मीच केले होते, ते आठवलं. मी कुठं घेतो, असं काहीतरी पुटपुटलो. मालती आत चकल्या तळत होती. तिनं तिथूनच सांगितलं, "त्यांना दोन दे. तिसऱ्याला रडतात."

जावई सभ्य माणूस. त्यानं लगेच चकलीची चौकशी केली.

*

साठी जवळ आली तशी बैठक महिन्यावर गेली, ग्लास लहान झाले आणि बोलण्यात गोळ्यांची नावं यायला लागली. एकदा चौघांनी मिळून तपासणी करून घेतली. डॉक्टर मास्तरचा विद्यार्थी. दारू किती, असं त्यानं विचारल्यावर मास्तर म्हणाला, कधीतरी. डॉक्टर हसला. म्हणाला, सर, आम्ही असं उत्तर लिहिलं की तुम्ही शून्य द्यायचा.

पण खरी गंमत रिपोर्ट आल्यावर झाली. आम्हा तिघांची लिव्हर ठीकठाक. बिघडली होती ती अण्णाची. डॉक्टरला अण्णा माहीत नव्हता. त्यानं आक्कासमोरच सांगितलं, "काका, आता हे सगळं बंद करायला पाहिजे."

अण्णाला कळेना. "बंद काय करू?"

तळलेलं, गोड, बैठं काम, यानंही लिव्हरवर चरबी चढते, हे डॉक्टरनं नंतर समजावून सांगितलं. पण तोवर आक्कानं नवऱ्याकडं असं काही बघितलं होतं, की इतक्या वर्षांचा संसार चिकोडीच्या त्या पहिल्या प्रश्नावर परत जाऊन उभा राहिला. अण्णानं आम्हाला बाहेर गाठलं. म्हणाला, "चला तिघंबी. परत साक्ष द्यायची हाय."

*

विष्णूचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आम्ही चौघांत प्यायचो, तो पुढं एकटा प्यायला लागला. साड्यांचा उठाव कमी झाला, माग निम्मा दिवस बंद राहायला लागले आणि त्याचा हात दुपारीच बाटलीकडं जायला लागला. गल्लीला त्याची दारू आवडायची, कारण प्यायला की तो नकला करायचा. वरातीत त्याला मुद्दाम बोलवायचे, पाजायचे आणि हसायचे.

एकदा प्यालेला असतानाच त्यानं माग सुरू केला आणि हात अडकला. बायकोनं, शोभानं, धावत येऊन बटण बंद केलं म्हणून बोटं वाचली. ती रडली नाही, भांडली नाही. दवाखान्यातून आल्यावर तिनं मागाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली अण्णाच्या हातात दिली. म्हणाली, शुद्धीत असताना मागितली तरच द्या.

विष्णू औषधोपचाराला तयार झाला. एकदा सुटली, परत लागली, दुसऱ्यांदा सुटली ती सुटली. पहिला महिना त्यानं साखर जास्त घातलेल्या चहावर काढला. एका सकाळी अंघोळ करून तो बोरगावला गेला आणि किल्ली घेऊन आला.

त्यानंतर जे झालं ते मला अजून खटकतं. तो पीत होता तेव्हा जी गल्ली त्याला बिचारा म्हणायची, ती आता शिष्ट झाला म्हणायला लागली. वरातीचं बोलावणं बंद. आणि आम्ही तिघांनीही त्याला बैठकीला सांगायचं सोडून दिलं. त्याच्या भल्यासाठीच, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

एक दिवस तो दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. मग गादीवर बसून म्हणाला, "दारू मी सोडली. तुमी मला का सोडलासा?"

मी त्याच दिवशी दोघांना फोन केले. तेव्हापासून आमची बैठक रविवारी सकाळी, चहाची. मास्तर सुरुवातीला कुरकुरला. अण्णा म्हणाला, "इतक्या वर्सांनी मला कंपनी मिळाली. आता कुरकुर न्हाय."

*

विष्णूच्या मुलीचा, रूपाचा, साखरपुडा निपाणीला एका हॉटेलात झाला. व्याह्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा. दणदणीत आवाज, मोकळा स्वभाव. लग्न ठरवायच्या आधीच विष्णूनं त्यांना स्वतःचं सगळं सांगून टाकलं होतं. जुनं कशाला काढतासा, म्हणून त्यांनी ते उडवून लावलं होतं.

जेवणं झाली. दुपारी वरच्या खोलीत पुरुष मंडळींची व्यवस्था होती. विष्णूला बोलवायला माणूस आला, तेव्हा आम्ही तिघंही बरोबर गेलो. त्याला एकटं सोडायचं नाही, एवढंच डोक्यात. खोलीत व्याह्यांचे भाऊ, मेहुणे, मित्र. व्याह्यांनी स्वतः ग्लास भरला आणि विष्णूसमोर धरला.

विष्णूनं हात जोडले. व्याही मागं हटेनात. म्हणाले, "एक घोट तरी घ्या. न्हायतर आमच्या लोकांस्नी वाटंल, पोरीचा बाप आमाला कमी समजतोय."

मास्तर जमिनीकडं बघत होता. अण्णा अर्धवट उठला होता. खाली रूपा नव्या साडीत फोटो काढून घेत होती, तिचं हसणं वर ऐकू येत होतं.

विष्णूनं दोन्ही हातांनी ग्लास घेतला.

पण तो ग्लास हातात धरून तसाच बसला. व्याह्यांच्या भावाला ट्रकचं विचारलं, जुन्या नकला करून दाखवल्या. दारू सुटल्यापासून आम्हीही त्या पहिल्यांदाच बघत होतो. सगळी खोली पोट धरून हसली. ग्लासातला बर्फ विरघळला. कुणाच्या लक्षात आलं नाही, की तो एकदाही ओठाला लागलेला नाही.

फोटोसाठी खालून हाका आल्या आणि मंडळी एकेक करून उतरली. मागं आम्ही चौघं आणि व्याही उरलो. विष्णूनं भरलेला ग्लास त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाला, "तुमी दिलासा म्हणून धरला. पिणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

आता हा माणूस भडकणार, असं मला वाटलं. व्याही उठले, दार लोटून घेतलं आणि आमच्याकडं पाठ करून खिडकीशी उभे राहिले. त्यांचा दणदणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. आम्हाला जेमतेम ऐकू आलं.

"पयला महिना कसा काढलासा?"

विष्णूनं आम्हा तिघांना खाली जायची खूण केली. आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा वरून त्यानं वेटरला हाक मारली.

"दोन च्या आण रं. एकात साखर जास्त घाल."