परसातला राब

आज शेजारच्या वाडीतून राब भाजल्याचा, म्हणजे भाताची रोपं वाढवायला पालापाचोळा जाळून जमीन भाजल्याचा, धूर आला आणि मला एकटीलाच हसू आलं. एका वर्षी भातशेतीच्या शिबिरातून शिकून आल्यावर मी सासूबाईंसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं, "आत्या, यंदा राब नको, लावणी पण नको. वाफे करून दाणे थेट शेतात टोकू." त्या म्हणाल्या, "नाय उगवलं तर वरीसभर काय शिबिर खायाचं गं?" नवरा मात्र हो म्हणाला. पुढं एका सकाळी परसातून धूर आला. कुंपणाआड सासूबाईंनी चोरून सुपाएवढा राब भाजला होता.  पावसात आम्ही शेतात दाणे टोकले आणि आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मग वाफ्यांवर हिरव्या ओळी दिसल्या. लोकांच्या लावणीच्या दिवसांत सासूबाई परसातल्या रोपांची मूठ घेऊन आमच्या बांधाबांधानं फिरल्या, पण शेतात कुठं रिकामी जागाच सापडेना. घरी येऊन त्यांनी रोपं शेळीपुढं टाकली, "खा गं बाई, तुझीच लावणी!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आता टोकणीला त्याच सगळ्यांच्या पुढं असतात, आणि माझा एक दाणा चुकला तरी ओरडतात.