नदीवरची वाफ

आणीबाणीच्या आधीचे दोन हिवाळे मी दर रविवारी सकाळी आमच्या कंपनीच्या साहेबलोकांना पवनेच्या काठाने फिरवून आणलं. ‘निसर्गभ्रमण’ म्हणत त्याला. आम्ही दापोडीची माणसं. त्या नदीत पोहायला शिकलो, म्हशी धुतल्या, गोधड्या आपटल्या. पण तिला निसर्ग म्हणतात हे मला तिशीत कळलं.

पहिल्या हिवाळ्यात मी टेम्पररी होतो. काही महिने कामावर घ्यायचे, मग ब्रेक द्यायचे आणि माणूस पुन्हा गेटवर उभा. कायम कोणाला करायचं हे आमच्या खात्याचे साहेब ठरवत, आणि या भ्रमणाचे म्होरकेही तेच. “तुला नदी माहीत आहे ना? मग ये रविवारी,” म्हणाले. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

मंडळी बघण्यासारखी असत. कानटोप्या, गळ्यात दुर्बिणी, थर्मासमध्ये कॉफी. ढोकरी बगळी दहा पावलांवर उभी असली तरी दुर्बिणीतूनच बघायचे. मी शेपटी हलवणारा परीट दाखवला, तर पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव सापडेपर्यंत तो पक्षी आहे हेच त्यांना मान्य नसे. एकदा एक बाई बाभळीवर हात ठेवून, डोळे मिटून, झाडाशी बोलत उभ्या राहिल्या. काटा बोचला तेव्हा डोळे उघडले. मला आत इतकं हसू फुटायचं की मी बूट झटकायच्या निमित्ताने खाली वाकायचो.

त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे कंपनीच्या मागचं वळण. तिथे पाण्यावर पांढरंशुभ्र धुकं तरंगत असे आणि बगळ्यांची ही झुंबड. “काश्मीर आहे हो, काश्मीर!” साहेब कुजबुजायचे, आणि मग सगळेच कुजबुजायला लागायचे. पाळीपाळीने फोटो काढायचे.

ते धुकं नव्हतं, वाफ होती. करंजांच्या आड आमच्याच कंपनीचा पाइप नदीत सोडला होता. त्यातून कढत पाणी यायचं, मासे गुंगून वर यायचे आणि बगळ्यांना आयतं जेवण मिळायचं. वास यायचा तो दलदलीचा, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. हे सगळे इंजिनियर होते बरं का! कारखाना चालवत होते. ती अक्कल बहुधा रविवारी गेटवर जमा करून येत असावेत.

एके रविवारी साहेबांनी मला विचारलंच, “इथंच एवढे पक्षी का रे?”

वळणाच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, माझी आई मळीतल्या, म्हणजे काठच्या गाळाच्या रानातल्या, वांग्यांना नदीचं पाणी घालत होती. तिने मान वर करून बघितलं.

“थंडीमुळं, साहेब,” मी म्हणालो. “ऊन इथं आधी येतं.”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. 

घरी आल्यावर आईने विचारलं, “खरं का सांगितलं न्हाईस?”

“आधी कायम होऊ दे. मग सांगतो.”

“वांगी करपाय लागल्यात माजी. लवकर हो बाबा कायम.”

उन्हाळ्यात मी कायम झालो. पेढे वाटले, साहेबांच्या पाया पडलो. दिवाळीनंतर भ्रमण पुन्हा सुरू झालं. वळणावर वाफ तशीच होती, पण मासे संपले होते आणि एकही बगळा नव्हता. आईने मळी सोडून दिली होती. तिथे नुसतं गवत वाळत पडलं होतं.

साहेबांनी दुर्बीण इकडून तिकडे फिरवली. “यंदा पक्षी कुठं गेले रे?”

आता मला एवढ्यासाठी कोणी कामावरून काढणार नव्हतं. पाइप तिथून वीस पावलांवर होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

“यंदा थंडी कमी आहे, साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहून घेतलं. त्या कानटोपीवाल्यांना मी पुढे आयुष्यभर हसलो, चारचौघांत त्यांच्या नकला केल्या. पण त्यांना धुकं दिसत होतं आणि ते धुकंच म्हणत होते. वाफ आहे हे माहीत असलेला त्या घोळक्यात मी एकटाच होतो.