टोल्यूइनचा वास आणि संतोषचं लग्न

आमच्या भोईवाड्यातल्या टी-शर्ट छापायच्या कारखान्यात किस्से घडत नाहीत, सांडतात! पुसायला जावं तर आणखी पसरतात. मी काउंटर सांभाळते, परबकाका मालक आणि संतोष छपाईवाला. शाई पातळ करायला, स्क्रीन धुवायला त्याच्या हाती कायम टोल्यूइन. थिनरसारखा उग्र वास!

संतोषचा ठाम विश्वास, टोल्यूइनने काहीही निघतं. एकदा काकांच्या कीबोर्डवर शाई उडाली. पठ्ठ्याने चिंधी भिजवून घासघास घासलं. शाई गेली, सोबत ए टू झेड पण गेले!

काका म्हणाले, "आता यावर टाइप करू की प्लँचेट?"

*

काकांनी 'ज्वलनशील! आग आणू नका!' असा झकास बोर्ड छापून घेतला, डब्यांच्या वर लावला. दुसऱ्या दिवशी बघते तर बोर्डाला हार आणि खाली पेटलेली उदबत्ती! मी किंचाळलेच.

"अगो, नव्या वस्तूची पूजा नको?" काका म्हणाले.

उदबत्ती मी चहात बुडवली. चहा काकांचा होता.

*

पण टोल्यूइनच्या वासापायी संतोष चौतिशीत बिनलग्नाचा राहिलेला. बिचारा पार खचला होता. नायगावहून एका मुलीची आई घर बघायला आली आणि दारातच म्हणाली, "रंगकाम चालू आहे वाटतं. नंतर येऊ." परत कोण येतंय!

पुढच्या स्थळासाठी तीन दिवस रजा, उटणं, वर अर्धी बाटली अत्तर. हा आत शिरला आणि मुलीची आजी कुजबुजली, "कोण गेलं गं?"

*

मग आलं माझगावचं स्थळ. मुलगी रंगाच्या कंपनीत सेफ्टी बघते. म्हणाली, "घर राहू दे, कामाची जागा दाखवा." मेलो आम्ही!

आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खटाखट खिडक्या उघडल्या, डब्यांना झाकणं लावली, भिजक्या चिंध्या बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. मग संतोषकडे वळली.

"हात यानेच धुता?"

"हो..."

"उद्यापासून साबण. आणि काम करताना हातमोजे."

काका तर हरखलेच. "अगे बाय माझे! लग्नाचं मागाहून बघू. तू सोमवारपासून कामाला येशील?"

संतोषचं तोंड एवढंसं झालं.

ती म्हणाली, "सोमवारी नाही जमणार, काका. साखरपुड्याची खरेदी आहे. यांनाही सुट्टी द्या."