बधिर पाय, तापलेलं डोकं

माझी मावशी दुधाचा टँकर चालवायची. तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे, कारण वळणावर आधी तिचा आवाज ऐकू यायचा आणि मग टँकर दिसायचा.

एकदा एका मोठ्या गोठ्यात टँकर भरत असताना तिला दिसलं, की नुकतंच जन्मलेलं वासरू एक माणूस मागच्या पायांना धरून फरफटत नेतोय. साखळीला बांधलेली त्याची आई मान ताणून हंबरत होती.

“कुठे नेताय त्याला?” मावशीने विचारलं.

“नर आहे. ठेवून काय लोणचं घालू?”

मावशीने तो टँकर कारखान्यात पोचवला, सुपरवायझरच्या टेबलावर किल्ली आपटली आणि घरी आली. त्या दिवसापासून दूध, अंडी, मांस, मध सगळं बंद. तिचे यजमान, आमचे काका, म्हणाले, “तू कोरा चहा पी, काही म्हणणं नाही. फक्त माझं डोकं खाऊ नकोस, ते व्हीगन नाही.”

पुढे ती शहरातली बस चालवायला लागली. व्हीगन लोकांच्या एका गटातही जायला लागली. गट जमायचा एका रोपवाटिकेच्या शेडमध्ये, आणि रोपवाटिकेचे मालक सगळ्यांचे ‘दादा’. गोड बोलणारा, हसतमुख माणूस. मावशीने त्यांना एकदा विचारलं होतं, “डेपोतला एकजण म्हणतो, बी-बारा नावाची गोळी घ्यावी लागते. खरं का?”

दादा हसले. “हत्तीला कोण देतं गोळी? ताई, हा सगळा कंपन्यांचा धंदा. शरीराला लागेल ते शरीर बनवतं.”

मावशीला हे फारच आवडलं. कुणी गोळीचा विषय काढला की ती त्याच्या तोंडावर हत्ती फेकायची.

आणि काही वर्षं खरंच काही झालं नाही. मग तिची जीभ सोलल्यासारखी लाल झाली. पायांना सतत मुंग्या यायला लागल्या. ओळखीच्या रस्त्यावरचे थांबे विसरायला लागली, विनाकारण भडकायला लागली. भडकण्याचं कुणालाच नवल वाटलं नाही, ती मुळातच तशी. डेपोच्या तपासणीत ‘रक्त चांगलं आहे’ म्हणून शिक्का मिळाला होता, म्हणून तिनेही दुर्लक्ष केलं.

एका संध्याकाळी डेपोत बस लावताना पाय नेमका कुठल्या पेडलवर आहे तेच तिला कळेना. बस सरळ धुलाईच्या शेडच्या भिंतीत घुसली. शेडमध्ये कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मावशी खाली उतरली आणि झोकांडी जाऊन दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

“पिऊन आलीस?” मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं.

आयुष्यात थेंबाला न शिवलेली बाई. तिने तिथल्या तिथे दारू तपासायच्या नळीत फुंकून दाखवलं. काही निघालं नाही. तरी मॅनेजर म्हणाला, “मग दुसरं काहीतरी घेत असशील.” मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण तळपायच जाणवत नव्हते. हे तिचंच वाक्य.

दवाखान्यात तिच्याबरोबर मी होते. डॉक्टरबाईंनी तपासून, रक्त पाहून विचारलं, “खाता काय? बी-बारा घेता?”

“हत्तीला कोण देतं गोळी?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “हत्ती शेणामातीसकट खातो. तुम्ही भाजी चार वेळा धुऊन खाता. हे जीवनसत्त्व झाड बनवत नाही आणि जनावरही बनवत नाही, जंतू बनवतात. तुमच्या यकृतात जुना साठा होता, तो इतकी वर्षं पुरला. हिरव्या भाज्यांमुळे रक्त ठीक दिसत राहिलं आणि आत नसा खराब होत गेल्या.”

“म्हणजे मी दूध प्यायचं?”

“मी दुधाचं नावही काढलं नाही. तुम्ही सोडलंत, तो तुमचा प्रश्न. पण बाई, गोळी सोडायची मुभा नाही. आता तर आधी इंजेक्शनंच लागतील.”

“पाय बरे होतील?”

“काही प्रमाणात. लवकर आला असतात तर पूर्ण बरे झाले असते.”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मावशी बसली. मला वाटलं रडेल. तिने शिव्यांची लाखोली वाहिली. मॅनेजरला, दादांना, हत्तीला आणि सगळ्यात जास्त स्वतःला.

घरी आलो तर माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, दुधाचा पेला घेऊन उभी. “मी सांगत नव्हते? आता तरी हट्ट सोड.”

“ताई, तो पेला आत ने. सुईतून मिळतंय ना मला? मग मध्ये गाय कशाला?”

“तुझ्या भल्याचंच बोलतेय.”

“इतकी वर्षं सगळे माझ्या भल्याचंच बोलतायत! एकाला वाटतं दूध पाज, एकाला वाटतं गोळी नको. माझ्या पायांचं कुणीच बोलत नाही!”

आई पेला घेऊन आत गेली आणि रागाने स्वतःच पिऊन टाकला.

पुढच्या बैठकीला मावशी काठी टेकत गेली. दादांनी पुढे येऊन हात धरायचा प्रयत्न केला. तिने झटकला आणि रोपांच्या वाफ्यांमध्ये उभी राहून सगळं सांगितलं. भिंत, नळी, इंजेक्शनं, सगळं.

दादांचं हसू ढळलं नाही. “ताई, एखाद्याची प्रकृती वेगळी असते. तुम्ही लोकांना घाबरवताय.”

“प्रकृती? त्या धुलाईच्या शेडमध्ये माणूस असता तर त्याच्या बायकोला काय सांगितलं असतंत, प्रकृती?”

“अशाने आपली चळवळ बदनाम होते.”

“चळवळ माझ्या पायांनी चालत होती का? एक गोळी! वासराला हात न लावता बनते, स्वस्तात मिळते. तुम्हाला ती सांगायला लाज का वाटली?”

 मग मागच्या बाकावरून मांडीवर बाळ घेतलेली एक तरुण बाई हळूच म्हणाली, “मी पण काही घेत नाही. आणि बाळ फक्त माझ्याच अंगावर पितं. हल्ली ते मान धरत नाही. आधी धरायचं.”

दादा म्हणाले, “अहो, प्रत्येक बाळ...”

“तोंड बंद!” मावशी इतक्या जोरात ओरडली, की बाळ दचकून रडायला लागलं. “चल गं. आत्ता. बॅग घे.” त्या दोघी बाहेर पडल्या, काठी शेडमध्येच राहिली. मावशी त्या बाईच्या खांद्याला धरून चालत होती.

डॉक्टरबाईंनी बाळाला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याच्या आईलाही इंजेक्शनं सुरू झाली. काही आठवड्यांनी ते बाळ मान धरायला लागलं, हसायला लागलं. दादांनी गटात निरोप पाठवला की ‘काही जणांना पूरक गोळी उपयोगी पडू शकते’. मावशीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि ‘काही जणांना’ या शब्दांवर आली तेव्हा फोन गादीवर फेकला.

तिचे पाय निम्मे परत आले. बोटं अजून बधिर आहेत. बस परत मिळाली नाही. डेपोत ती आता गाड्या सोडायच्या खिडकीत बसते. मॅनेजरने माफी मागितली नाही आणि तीही त्याच्याकडे बघत नाही. गोळी नियमित घेते, दुधाला शिवत नाही. कुणी नवा ड्रायव्हर खिडकीत डोकावून म्हणतो, “मावशी, एवढं झालं तरी व्हीगनच?” तेव्हा ती त्याची पावती सरकवते आणि म्हणते, “गाडी बाहेर काढ. आणि निघण्याआधी ब्रेक तपास, मला अक्कल नंतर शिकव.”