लोणच्याला न सोसणारा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: कैरीच्या लोणच्याची वर्षाची बरणी माझ्यामुळे नासली. आमटीतला ओला चमचा मी तसाच तिच्यात घातला होता. आठवड्यात वर पांढरी बुरशी आली, आणि आईने नव्या वहिनीला धारेवर धरलं, "विटाळाचे चार दिवस धीर नाही का गं निघाला? शिवलीस ना बरणीला?" वहिनी रडत रडत "नाही, नाही" म्हणत राहिली. मी समोर बसून निवांत जेवत होतो.

त्याला आता कित्येक वर्षं झाली. आज दादाकडे जेवायला होतो. मी लोणचं मागितलं, तर वहिनी सुनेला म्हणाली, "तूच काढ गं. लोणच्याला माझा हात सोसत नाही."

"अहो आई, बुरशीला काय कळतंय हात कुणाचा ते!" सून हसली. वहिनीही हसली, पण बरणीपासून लांबच उभी राहिली.

मी मान हलवून म्हणालो, "जुन्या लोकांच्या खुळचट समजुती!" काय सोयीचं वाक्य! शिकलेल्या भेकडाला रूढी फार कामाची. तिला शिव्याही देता येतात आणि तिच्याआड लपताही येतं. आईला निदान ती समजूत खरी वाटत होती. मला तर तेव्हाही खरं ठाऊक होतं. त्या घरात सगळ्यांत हलकट मीच.

आई आता नाही. वहिनी आहे. "वहिनी, ते लोणचं मी नासवलं," एवढं दादा आणि सुनेच्या देखत तिला सांगायचं देणं मी अजून लागतो.