टोरांटो ते मुंबई, साडेबारा हजार किलोमीटर

देवावर माझा विश्वास आहे, पण त्या दोन दिवसांत तो पार विझत आला होता, हे आधीच कबूल करते. लेकीच्या बाळंतपणासाठी मी टोरांटोला गेले होते आणि इकडे घाटकोपरला दादाकडे असलेली माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई अचानक खालावली. दादाचा फोन आला, "तू नीघ गं लगेच. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. सारखी तुलाच विचारतेय."

साडेबारा हजार किलोमीटर. दुबईला विमान बदलायचं, सगळं धरून वीस तास. जावयाने मिळालं ते तिकीट काढलं आणि नेमका बर्फ सुरू झाला. चार तास विमान जमिनीवरच. मग तेरा तास हवेत. समोरच्या पडद्यावर किती अंतर उरलंय ते दिसायचं. डोळा लागला की दचकून जाग यायची आणि आकडा जेमतेम हललेला असायचा. नाम घ्यायला गेले तर नामाऐवजी किलोमीटरच तोंडात येत. पाय सुजले होते. आमच्या कोकणातल्या गावच्या रवळनाथाला मी मनात म्हणाले, "इतक्या लांबून तुला ऐकू येत नसेल, तर राहू दे."

दुबईला उतरले तेव्हा मुंबईचं विमान निघून गेलं होतं. नाताळच्या सुट्ट्या असल्यामुळे दुपारचंही भरलेलं. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "आता उद्या सकाळी, मॅडम." मी तिथेच बॅगेवर बसले. रडायचंही त्राण नव्हतं. आणि काय झालं कोण जाणे, मी पोचायचं मागणंच सोडून दिलं. म्हटलं, "देवा, मी नाही पोचले तरी चालेल. तू तिच्याजवळ बस." दोन दिवसांत पहिल्यांदा मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

मागे रांगेत साठीचे एक गृहस्थ होते. चुरगळलेला शर्ट, डोळे माझ्यासारखेच तारवटलेले. त्यांनी वाकून विचारलं, "ताई, घरी कोणी आजारी आहे का?"

"आई."

"माझी दुपारच्या विमानात सीट आहे. ती तुम्ही घ्या. मी उद्या गेलो तरी चालेल. अंधेरीच्या घरात वाट बघणारं आता कोणी नाही."

त्या मुलीने वरिष्ठांना विचारून त्यांचं नाव काढलं, माझं घातलं. मी नुसते हात जोडले. ते म्हणाले, "नमस्कार राहू द्या, पळा. गेट लांब आहे."

संध्याकाळी मी आईच्या खाटेजवळ होते. तिने डोळे उघडले, लेक आली हे ओळखलं आणि आमच्या मालवणीत विचारलं, "इलंस गे चेडवा? जेवलंस काय?"

जेवले म्हणाले. खोटंच. तिने माझं बोट धरलं ते सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, ती शांतपणे गेली. सकाळच्या विमानाने आले असते, तर तेव्हा मी समुद्रावर असते.

दादा याला योगायोग म्हणतो. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की माझी धडपड जिथे संपली तिथे कुणीतरी उभं होतं. त्या गृहस्थांचं नाव विचारायचं राहून गेलं. त्यांच्या घरातलं कोण गेलं, तेही विचारलं नाही. आता रोज दिवा लावताना आईसाठी हात जोडते, तेव्हा त्यांच्या त्या माणसासाठीही जोडते. मला नाव माहीत नाही. देवाला माहीत असेल.