उशिरा घट्ट झालेली खळ

स्टार्चच्या कारखान्यात तिला सगळे 'थर्मामीटर' म्हणत. मक्यातून काढलेला स्टार्च पाण्यात तापवायचा आणि त्याची खळ किती तापमानाला घट्ट होते ते पाहायचं, हे तिचं काम. ही बाई चहासुद्धा मोजून पिते, अशी पॅकिंगच्या बायका चेष्टा करत, आणि तीही हसून घेई.

त्या सकाळी मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या मक्याची खळ नेहमीच्या तापमानाला पातळच राहिली आणि बऱ्याच उशिरा घट्ट झाली. असा स्टार्च खोक्यांच्या गोंदात गेला, तर खोकी उकलणार. तिने नमुन्याच्या पिशवीवरचं नाव वाचलं. मका तिच्या ताईच्या शेतातला होता.

ताईला कारखान्यानेच संकरित बियाणं दिलं होतं. "दुसरं वाण मिसळलंय, दुसरं काय," खरेदीवाला म्हणाला. "पुढच्या वर्षी यांना बियाणं बंद."

नातं सांगावं की गप्प बसावं? तिने तोच नमुना पुन्हा पुन्हा तापवून पाहिला. शेवटी ती लॅबच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, हा मका माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे."

"मग पुढची तपासणी मी करतो. पेरणी कधी केली, तेवढं विचारून घ्या."

विचारायचं तेवढंच होतं. पण फोनवर भलतंच तोंडातून गेलं. "ताई, बियाण्यात काही मिसळलं नाहीस ना?"

ताई म्हणाली, "तुला तसं वाटतं?"

"मला नाही गं, इथे लोक…"

"लोकांचं राहू दे. पंप बिघडला, पेरणी लांबली. दाणे भरायच्या वेळेलाच उन्हाची काहिली झाली. आणखी काय सांगू?" आणि ताईने फोन ठेवला.

साहेबांनी ऐकून मान हलवली. "उष्णतेत दाणा भरला की स्टार्चची घडण बदलते. मग खळ व्हायला जास्त ताप लागतो. पण हा अंदाज झाला. बियाणेवाल्यांच्या प्रयोगाच्या शेतात हेच वाण लवकर आणि उशिरा असं दोनदा पेरलंय. दोन्हीकडचा मका मागवू."

मका येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. आमटीत मीठ घालायचं राहू लागलं. "ताई असं करेल, असं वाटतं का तुला?" नवऱ्याने विचारलं. तिला चटकन 'नाही' म्हणता आलं नाही, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

तपासणीला ती साहेबांच्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली. लवकर पेरलेल्या मक्याची खळ वेळेवर आळली. उशिरा पेरलेल्याची पातळच. आकडा चढत गेला, तरी पातळच. मग ताईच्या मक्याची खळ जिथे घट्ट झाली होती, तिथेच तीही घट्ट झाली.

"वाण शुद्ध आहे," साहेब म्हणाले. तिने स्टूल ओढून बसून घेतलं.

गोंदासाठी तो मका चालला नाहीच. तो पशुखाद्याला गेला. ताईचं बियाणं मात्र चालू राहिलं. फोनवर ताई एवढंच म्हणाली, "कळवलंस ते बरं केलंस."

पुढच्या हंगामात पेरणी वेळेवर झाली. सुट्टी काढून ती ताईच्या शेतावर गेली. दोघी दिवसभर शेजारीशेजारी राबल्या, पंपाविषयी, पोरांविषयी बोलल्या. त्या फोनचा विषय ताईने काढला नाही, आणि काढायचा धीर तिला झाला नाही.